पेटीत घातलेला जुना प्रोग्राम परत परत का अडतो: विंडोज ११ वर १६ आणि ३२-बिट सॉफ्टवेअर

तक्रार नेहमीचीच असते. जुनं बिलिंग, हजेरी किंवा जॅकार्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर सरळ चालत नाही, म्हणून कुणीतरी ते डॉसबॉक्समध्ये किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवून देतं. काही आठवडे सुरळीत जातात. मग एके सकाळी प्रिंट येत नाही, नाहीतर डोंगल (सॉफ्टवेअर उघडायला मशीनला लावायची छोटी किल्ली) सापडत नाही, नाहीतर मागच्या महिन्याची चलनंच दिसत नाहीत. बसवणारा येतो, खाटखूट करतो, चालू होतं. पुढच्या महिन्यात परत तेच.

सोलापुरात याला आत्ता ऊत आलाय, त्याचं कारण सरळ आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि पूर्व भागातल्या छोट्या कारखान्यांत ३२-बिट विंडोजवर निवांत चाललेली मशीन्स होती, ती मालकांनी बदलायला काढली. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालीच नाही. नवं मशीन आलं की जुना प्रोग्राम पेटीत घालण्यावाचून इलाज नाही. पेटी म्हणजे इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, डॉसबॉक्ससारखा) किंवा व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत चालणारं दुसरं मशीन). पुढे सगळीकडे मी पेटीच म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच, की पेटीच्या आतला प्रोग्राम सहसा बिघडत नाही. तो १९९६ साली जसा होता तसाच आहे, त्याला कसले अपडेट येणार? बिघडतात ती पेटीच्या भिंतीला पाडलेली भोकं: प्रिंटरचं, डोंगलचं, फायलींचं, तारखेचं. बाहेरचं विंडोज दर महिन्याला बदलतं आणि त्यातलं एखादं भोक बुजतं. म्हणून तक्रार आली की प्रोग्राम परत इन्स्टॉल करत बसू नका. आधी कुठलं भोक बुजलंय ते शोधा.

आधी ओळखा, चीज किती जुनी आहे

"जुनं आहे" म्हणून चालत नाही. १६-बिट आणि ३२-बिट यांचे रोग वेगळे. ओळखायची साधी युक्ती आहे. मुख्य ईएक्सई फाइलची प्रत काढा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. मूळ फाइल उघडू नका, चुकून सेव्ह झाली तर ती गेलीच म्हणून समजा. पहिली दोन अक्षरं एम आणि झेड दिसतील. मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क झ्बिकोव्स्की यांच्या नावाची ही आद्याक्षरं आजही प्रत्येक ईएक्सईच्या कपाळावर असतात. मग थोडं खाली बघा. एन-ई अशी जोडी दिसली तर तो विंडोज ३.१ च्या काळातला १६-बिट प्रोग्राम. पी-ई आणि त्यानंतर थोड्या अंतरावर कॅपिटल एल दिसला तर ३२-बिट. पी-ई नंतर छोटा डी आणि कट्यारीसारखं चिन्ह दिसलं तर ६४-बिट, म्हणजे तुमचा त्रास वेगळाच आहे. यातलं काहीच नाही, नुसतंच एमझेड, तर तो बहुधा डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळ्या पडद्याचा.

डॉसचा असेल तर ६४-बिट विंडोजवर तो कुठल्याही सेटिंगने सरळ चालणार नाही. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कम्पॅटिबिलिटी मोडला एक्सपी निवडण्यात लोक दुपार घालवतात, त्याचा काडीचा उपयोग नाही. प्रोसेसर ६४-बिट पद्धतीत गेला की त्यातली व्हर्च्युअल ८०८६ ही सोय बंद होते, आणि ३२-बिट विंडोजमधलं एनटीव्हीडीएम डॉस प्रोग्राम चालवायचं ते त्याच सोयीच्या जोरावर. १६-बिट विंडोज प्रोग्रामचं कारण मायक्रोसॉफ्टने आणखी एक दिलंय: ६४-बिट विंडोजमध्ये हँडलचे (विंडोज खिडकी, फाइल अशा गोष्टींना देतं त्या क्रमांकाचे) ३२ बिट कामाचे असतात, ते १६ बिटांत कोंबता येत नाहीत. म्हणजे ही कुणाची आडमुठेगिरी नाही, पायाच बदललाय.

मधली एक फसवी जात आहे. प्रोग्राम ३२-बिट, पण त्याचा सेटअप १६-बिट. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच सीडींवर असं आहे. सेटअप चालत नाही म्हणून लोक अख्खं व्हर्च्युअल मशीन उभं करतात. आधी जुन्या मशीनवरचं इन्स्टॉल झालेलं फोल्डर जसंच्या तसं उचलून नव्यावर ठेवून बघा. त्याला लागणाऱ्या ओसीएक्स आणि डीएलएल फायली विंडोज फोल्डरातल्या सिसवाव६४ मध्ये ठेवायच्या, सिस्टिम३२ मध्ये नाही. ६४-बिट विंडोजवर ३२-बिटचा माल ६४ नावाच्या फोल्डरात असतो, काय करणार. तसंच ओडीबीसीचं, म्हणजे प्रोग्राम डेटाबेसला जोडण्याच्या सोयीचं: कंट्रोल पॅनेलमध्ये ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन नोंदी दिसतात. सिस्टिम डीएसएन (त्या जोडणीची नोंद) ६४-बिटवाल्यात बनवला तर जुन्या प्रोग्रामला तो दिसणार नाही.

कुठल्या चीजेला कुठली पेटी

क्लिपर किंवा फॉक्सप्रो या डॉसवरच्या भाषांमधला, निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा प्रोग्राम असेल तर व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स. साधा डॉसबॉक्स खेळांसाठी बनलेला आहे. त्यात प्रिंटरची सोय नाही आणि फायली लॉक करायचीही नाही. एकट्या माणसाने जुना हिशेब बघायचा असेल तर चालेल, रोजच्या कामाला नको.

विंडोज ३.१ च्या जातीचा असेल तर ओटीव्हीडीएम नावाचं छोटं साधन ६४-बिट विंडोजवर तो चालवतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण ६४-बिट लिनक्सवर वाइन या विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनातही असे प्रोग्राम चालतात. मायक्रोसॉफ्टने जे सोडून दिलं ते लिनक्सवाल्यांनी सांभाळून ठेवलंय.

३२-बिट प्रोग्रामला बहुतेक वेळा पेटीच लागत नाही. विंडोज ११ तो चालवतं. पेटी लागते ती ड्रायव्हरमुळे. ६४-बिट विंडोज ३२-बिट ड्रायव्हर आत घेतच नाही. प्रोग्राम चालू होतो, पण डोंगलचा किंवा पंचिंग मशीनच्या कार्डाचा ड्रायव्हर बसत नाही. तिथे ३२-बिट विंडोज असलेलं पूर्ण व्हर्च्युअल मशीन हवं. त्या आतल्या विंडोजलाही लायसन लागतं, आणि जुन्या मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन त्या मशीनपुरतंच असतं, हे आधीच मालकांच्या कानावर घाला.

आणि विंडोज सँडबॉक्सच्या नादी लागू नका. नाव बघून वाटतं हीच ती पेटी. पण त्यात आतही ६४-बिट विंडोजच असतं, म्हणजे डॉसचा प्रश्न सुटत नाही, आणि खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. दिवसभराची चलनं आत भरून संध्याकाळी क्रॉसवर क्लिक केलं, तर हिशेब कोऱ्या पाटीवर.

प्रिंट: सगळ्यात जास्त बुजणारं भोक

टॉवेलच्या एका कारखान्यातून सकाळी फोन आला. "अहो, काल चालत होतं की! गाडी भरून उभी आहे, चलन निघंना." आत व्हीडॉस नीट चालू होतं, चलन नंबरही पुढे सरकत होता. पण ऑफिसातला डॉट मॅट्रिक्स गप्प, आणि मालकांच्या केबिनमधला लेझर एकामागून एक जवळजवळ कोरे कागद बाहेर टाकत होता. आदल्या संध्याकाळी कुणीतरी त्या लेझरवर एक पीडीएफ छापली होती. एवढंच घडलं होतं.

विंडोजमध्ये "डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या" अशा अर्थाचं एक बटण आहे. ते चालू असलं की ज्या प्रिंटरवर शेवटचं छापलं तो डिफॉल्ट होतो. पेटी जर डिफॉल्ट प्रिंटरकडे माल पाठवत असेल तर तिचं भोक रोज संध्याकाळी वेगळीकडे उघडतं. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स इथे जाऊन ते बटण बंद करा, मग डॉट मॅट्रिक्स हाताने डिफॉल्ट करा. त्याहून बरं म्हणजे पेटीच्या सेटिंगमध्ये डिफॉल्टवर न सोडता प्रिंटरचं नावच लिहा. "परत परत प्रिंट बंद पडते" म्हणून येणाऱ्या तक्रारींत मी सगळ्यात आधी हेच बघतो.

तरी नाही आलं तर पुढचं. स्वस्तातले बरेच लेझर प्रिंटर नुसती अक्षरं समजत नाहीत, त्यांना विंडोजने पान रंगवून द्यावं लागतं. डॉसचा प्रोग्राम मात्र अक्षरं आणि कंट्रोल कोड सरळ एलपीटी१ वर, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर, ओततो. एप्सनच्या रीतीत कोड १५ पाठवला की अक्षर बारीक होतं आणि १८ पाठवला की पूर्ववत. ८० रकान्यांच्या कागदावर १३२ रकान्यांचा रिपोर्ट बसतो तो या १५ मुळेच. रिपोर्टच्या ओळी मध्येच तुटून खाली येत असतील, तर प्रोग्राम बिघडला नाही. पेटी आणि प्रिंटर यांच्यामध्ये कुणीतरी तो १५ गिळतंय. डॉट मॅट्रिक्सला कच्चा माल तसाच पोचवा. प्रिंटर छोट्या, जागा न सोडलेल्या नावाने शेअर करा, नेट यूज कमांडने एलपीटी१ त्या नावाला जोडा आणि शेवटी पर्सिस्टंट येस लिहायला विसरू नका, नाहीतर मशीन रीस्टार्ट झालं की जोडणी गेली.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. ही कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या काळ्या खिडकीत दिली, तर तिथली जोडणी साध्या वापरकर्त्याच्या पेटीला दिसत नाही. बसवणाऱ्याच्या खिडकीत टेस्ट प्रिंट छान येते, तो चहा पिऊन निघून जातो, आणि दिवाणजींच्या खिडकीत काहीच येत नाही. जो रोज प्रोग्राम चालवतो त्याच्याच लॉगिनमध्ये, साध्या खिडकीत जोडणी करा.

रिपोर्ट येतो, पण प्रोग्राम बंद केल्यावरच येतो, अशीही तक्रार असते. पुष्कळ जुने प्रोग्राम एलपीटी उघडतात आणि बंद करतच नाहीत. पेटी वाट बघत बसते. डॉसबॉक्स-एक्समध्ये पॅरलल पोर्टच्या ओळीत टाइमआउट देता येतो, मिलिसेकंदांत. फार कमी दिला तर लांब रिपोर्टचे दोन तुकडे होऊन मध्ये पान सुटतं. दोन हजारापासून सुरुवात करा आणि आपल्या रिपोर्टप्रमाणे कमी-जास्त करा.

फायली गायब होतात, खरं तर त्या दोन जागी असतात

३२-बिट प्रोग्राम, पेटी नाही, सरळ विंडोज ११ वर. मालक बघतात तेव्हा खातेवही मागच्या महिन्यापाशी थांबलेली, दिवाणजी बघतात तेव्हा आजपर्यंतची. दोघं एकमेकांवर डाफरतात. यात दोघांचीही चूक नाही.

जुने प्रोग्राम आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरात, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये लिहितात. व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायला मनाई आहे. पण जुन्या प्रोग्रामने तोंडघशी पडू नये म्हणून विंडोज गुपचूप तो माल त्या वापरकर्त्याच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात वळवतं. प्रत्येक लॉगिनची प्रत वेगळी. त्यात कुणी "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करून उघडलं की त्याला प्रोग्राम फाइल्समधली मूळ, शिळी प्रत दिसते. एका मशीनवर तीन वह्या तयार होतात आणि तिन्ही खऱ्या वाटतात.

हे निस्तरायचं ते घाई न करता. आधी सगळ्यांना प्रोग्राम बंद करायला सांगा. प्रत्येक लॉगिनचं व्हर्च्युअलस्टोअर आणि मूळ फोल्डर यांच्या प्रती पेनड्राइव्हवर घ्या. कुठल्या प्रतीत शेवटचं चलन आहे ते प्रोग्राम उघडून बघा, फायलीच्या तारखेवर विसंबू नका, कारण नुसता प्रोग्राम उघडल्यानेही इंडेक्स (शोधासाठीच्या सूचीच्या) फायलींची तारीख बदलते. मग प्रोग्राम डी ड्राइव्हच्या मुळाशी, आठ अक्षरांच्या आतल्या इंग्रजी नावाच्या फोल्डरात हलवा, त्या फोल्डरावर सगळ्यांना लिहायची परवानगी द्या, खरी प्रत तिथे ठेवा आणि जुनी व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरं तिथून काढा. ती तशीच राहिली आणि कुणी जुन्या शॉर्टकटवरून उघडलं, तर परत पहिल्यापासून.

डेस्कटॉपवर डेटा ठेवणाऱ्यांना वेगळा ताप. नव्या विंडोजमध्ये वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्या ताब्यात घेऊ शकतं. मग फोल्डरचा खरा पत्ता बदलतो, डॉसबॉक्सच्या माउंट ओळीतला पत्ता खोटा ठरतो, आणि पडद्यावर "फाइल सापडत नाही". पत्ता सुधारला तरी वनड्राइव्ह फाइल वर चढवत असताना प्रोग्राम ती उघडायला जातो आणि अडतो. व्हर्च्युअल मशीनची डिस्क फाइल तिथे असेल तर मग बघायलाच नको, काही जीबींची फाइल दिवसभर वरखाली. उपाय तोच: डी ड्राइव्हचं मूळ.

दोन टेबलांवरून एकच डेटा उघडायचा असेल तर लॉकिंग असलेलीच पेटी घ्या. व्हीडॉसमध्ये ते आहे, डॉसबॉक्स-एक्समध्ये शेअरचं सेटिंग चालू असलं पाहिजे. नाहीतर दोघं एकाच वेळी चलन सेव्ह करतात आणि इंडेक्स फुटतो. लक्षण: चलन भरल्याचं आठवतं, नंबरने शोधलं तर मिळत नाही, पण पूर्ण यादीत दिसतं. डेटा शाबूत असतो, प्रोग्राममधलं रिइंडेक्स चालवा. वीज गेल्यावरही हेच होतं, म्हणून एवढ्या कामाला यूपीएस हवाच.

व्हर्च्युअल मशीनवाल्यांनी स्नॅपशॉटला (मशीनची त्या क्षणाची साठवलेली अवस्था) बॅकअप समजू नये. पाडव्याला स्नॅपशॉट काढलेला असतो, श्रावणात कधीतरी पडदा अडकतो, ऑपरेटर "रिस्टोअर" दाबतो. पडदा सुटतो, आणि वहीही पाडव्यावर जाते. डेटा आतल्या डिस्कवर असेल तर रोज संध्याकाळी त्याची प्रत शेअर्ड फोल्डरातून बाहेर काढायची सवय लावा. आणि मशीन बदलताना नुसती मूळ व्हीडीआय (आतल्या डिस्कची फाइल) उचलून नेऊ नका. स्नॅपशॉट असतील तर त्यानंतरचं सगळं वेगळ्या फायलींत असतं. मशीन पूर्ण शटडाउन करून, अख्खं फोल्डर न्या.

डोंगल आणि ते हिरवं कासव

जॅकार्डच्या चादरीचं डिझाइन करणारी जुनी सॉफ्टवेअर्स डोंगलशिवाय उघडत नाहीत. यूएसबी डोंगल असेल तर व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ती आत देता येते. पण वरच्या मेनूतून हाताने दिली तर ती त्या वेळेपुरतीच. रीस्टार्टनंतर बाहेरचं विंडोज ती परत धरतं आणि सकाळी डिझायनर बोंब मारतो. मशीनच्या सेटिंगमध्ये यूएसबी फिल्टर बनवा, म्हणजे डोंगल लावताच आपोआप आत जाईल. आत एक्सपी असेल तर कंट्रोलर यूएसबी ३ ठेवू नका, एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नाही. १.१ किंवा २ वर ठेवा. व्हर्च्युअलबॉक्स ७ पासून यूएसबी २ साठी वेगळा एक्स्टेन्शन पॅक लागत नाही. कारखान्यात हे लक्षात ठेवण्यासारखं, कारण तो पॅक धंद्यासाठी फुकट नाही.

मग एक दिवस सगळं चालतं, पण डिझाइनचा पडदा सरकवला की चित्र घसटत येतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजवीकडे बघा. हिरवं कासव दिसत असेल तर निदान झालं. बाहेरच्या विंडोजने कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी किंवा हायपर-व्हीशी (विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीशी) संबंधित काहीतरी चालू केलंय, आणि आता व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसर थेट मिळत नाही, हायपर-व्हीच्या हातून मिळतो. कासव घालवायचं तर मेमरी इंटिग्रिटी बंद करावी लागते, म्हणजे बाहेरच्या विंडोजचं एक संरक्षण काढायचं. माझं मत: आत नुसती हिशेबाची वही असेल तर कासव राहू द्या, कुणाच्या लक्षातही येत नाही. डिझाइनचं मशीन असेल आणि त्यावर ईमेल, बँकिंग काही होत नसेल, तर बंद करा. एकाच मशीनवर दोन्ही होत असेल तर आधी ते वेगळं करा.

"मग हायपर-व्हीच वापरू की" असं कुणीतरी सुचवतंच. एक तर ते विंडोजच्या होम आवृत्तीत नाही. दुसरं, त्यात यूएसबी डोंगल आत देण्याची सोय नाही. डोंगल नसलेल्या कामाला ते उत्तम, डोंगलवाल्याला निरुपयोगी.

पॅरलल पोर्टवरची डोंगल असेल तर सरळ सांगतो, नाद सोडा. बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल फक्त प्रिंटरसाठी असते. डोंगलचा प्रोग्राम पॅरलल पोर्टच्या जुन्या पत्त्यावर थेट बोलतो, तो पत्ता या केबलमध्ये नसतोच. जुनं मशीन नेटवर्कपासून तोडून, धूळ झटकून जपा, त्याच्या हार्ड डिस्कची इमेज काढून ठेवा आणि डिझाइनच्या फायली पेनड्राइव्हने न्या. ही पेटी खरीखुरी पत्र्याची, एवढाच फरक.

नेटवर्क, तारीख, वेग

आतल्या एक्सपीला बाहेरच्या विंडोज ११ चं शेअर्ड फोल्डर नेटवर्कवरून दिसत नाही, कारण एक्सपीला फक्त एसएमबी१ ही फाइल शेअरिंगची जुनी भाषा येते आणि २०१७ पासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते बंदच येऊ लागलं. इंटरनेटवर लगेच सल्ला मिळतो की चालू करा. करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच दारातून. एक्सपीचा सपोर्ट तर एप्रिल २०१४ लाच संपलाय. आतल्या मशीनचं नेटवर्क कार्ड पूर्ण काढून टाका आणि फायली पेटीच्या स्वतःच्या शेअर्ड फोल्डर सोयीने हलवा.

तारखेचं थोडक्यात: व्हर्च्युअल मशीन शटडाउन न करता "सेव्ह" करून ठेवलं आणि आत गेस्ट ॲडिशन्स (आतल्या मशीनमध्ये बसवायची व्हर्च्युअलबॉक्सची पूरक साधनं) नसतील, तर उघडल्यावर आतलं घड्याळ मागेच राहतं. ३१ मार्चच्या आसपास याने वर्षअखेरीची नोंद चुकीच्या वर्षात पडते. सेव्ह नको, रोज शटडाउन.

उघडताच "रनटाइम एरर २००" आली तर प्रोग्राम टर्बो पास्कलमधला आहे आणि प्रोसेसर त्याला झेपेना इतका वेगवान आहे. डॉसबॉक्समध्ये सायकल्स हे वेगाचं सेटिंग ऑटोवर न ठेवता एखादा कमी आकडा द्या. उलट क्लिपरचा प्रोग्राम नुसता बसून असतानाही पंखा घरघरतो, कारण तो कळ दाबली का, दाबली का, हे सतत विचारत असतो. तिथेही सायकल्सना लगाम घातला की पंखा शांत होतो.

मराठी अक्षरांचा कचरा दिसतो तेव्हा

हा प्रश्न बिडी कारखान्यांच्या जुन्या हजेरी-पगाराच्या नोंदींत येतो, आणि त्याला वेळ द्यायला हवा, कारण त्यावर कुणाची तरी पेन्शन अडलेली असते. १९९५ च्या पेन्शन योजनेत मासिक पेन्शनला किमान १० वर्षांची नोकरी धरली जाते. जुन्या कामगार बाईंच्या नोकरीची वर्षं डॉसवरच्या डीबीएफ फायलीत असतात. प्रोग्राम पेटीत व्यवस्थित उघडतो, आकडे बरोबर, पण नावांच्या जागी फ्रेंच-ग्रीक अक्षरं आणि चौकटीच्या रेघा.

डेटा सडलेला नाही. त्या काळी डॉसवर देवनागरी दाखवायला सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवलेलं असायचं. फायलीत इस्की (भारतीय लिप्यांची जुनी संकेतपद्धती) संकेत, आणि पडद्यावर अक्षर काढायचं काम त्या कार्डाचं. पेटीत ते कार्ड नाही. डॉसबॉक्स साउंड कार्डाची नक्कल करतो, जिस्टची नाही. तेव्हा फाँट बदलणं, कोड पेज (कुठल्या संकेताला कुठलं अक्षर याचा तक्ता) बदलणं या वाटेला जाऊ नका. विंडोज काळातल्या श्री-लिपी किंवा आकृतीच्या फायलींना तो फाँट आत टाकला की भागतं. इथे तसं नाही.

इथे पेटीतून प्रोग्राम दाखवायचा हट्ट सोडून डेटाच बाहेर काढणं शहाणपणाचं. आत फॉक्सप्रो किंवा डीबेस असेल तर कॉपी टू कमांडला डिलिमिटेड लावून साधी मजकूर फाइल काढा. ठराविक रुंदीची काढू नका, रूपांतरात अक्षरांची संख्या बदलून रकाने सरकतात. मग विंडोजमध्येच सोय आहे: कोड पेज ५७००२ म्हणजे देवनागरी इस्की. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये फाइल त्या कोड पेजने वाचायची आणि यूटीएफ-८ मध्ये लिहायची. दोन-तीन ओळींचं काम.

बाहेर आलेला मजकूर देवनागरीच आहे पण अर्थहीन आहे, असं झालं तर संकेतांचा तक्ता वेगळा आहे. डॉसमध्ये चौकटीच्या रेघांची चिन्हं वरच्याच संकेतांत येतात, त्यांच्याशी भांडण नको म्हणून अक्षरं इकडेतिकडे हलवलेला पीसी-इस्की हा तक्ताही वापरात होता. तपासायला पत्त्याचा रकाना घ्या. "सोलापूर" जवळजवळ प्रत्येक ओळीत असतंच. त्या शब्दाच्या जागी कुठले संकेत येतात ते मांडा, शेजारी पेठेचं नाव घ्या, साखर पेठ, जोडभावी पेठ, आणि तक्ता जुळवत जा. थोड्या ओळींत स, ल, प, र, ख, ठ, ज, ड, भ, व ही अक्षरं आणि बऱ्याच मात्रा हाती लागतात, बाकीची कारखान्याच्या आणि महिन्यांच्या नावांतून.

नावं वाचता येऊ लागली तरी जुळवणी नावावर करू नका. पूर्व भागातली तेलुगू आडनावं मराठीत लिहिताना कारकुनागणिक बदलतात, आणि एकाच गल्लीत एकाच नावाच्या तिघी निघतात. पीएफ खाते क्रमांकाचा रकाना आकड्यांत आहे, त्याला जिस्ट कार्ड असो-नसो काही फरक पडलेला नाही. शोध त्यावर घ्या, आणि नाव फक्त ताडून बघायला ठेवा.